वादकाचे नाव, वादकाचा वाटा

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मसल शोल्स नावाचे एक छोटे शहर आहे. तिथल्या फेम स्टुडिओत २४ जानेवारी १९६७ रोजी अरेथा फ्रँकलिन अटलांटिक कंपनीसाठी पहिले गाणे ध्वनिमुद्रित करायला आल्या. रॉनी शॅनन यांचे ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन’ हे गाणे हातात होते. शब्द होते, चाल होती, आवाज तर असा की पुढे साऱ्या जगाने तो डोक्यावर घेतला. पण गाणे उभे राहत नव्हते. ठेका कसा धरायचा, सुरुवात कुठून करायची, हे वादकांना सापडेना. अशा वेळी वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर बसलेल्या तेवीस वर्षांच्या स्पूनर ओल्डम यांच्या बोटांतून थोडी अडखळत चालणारी, ब्लूजच्या अंगाची एक छोटी सुरावट निघाली. बाकीच्यांनी ती उचलली आणि गाणे जागेवर बसले. आजही ते गाणे त्याच सुरावटीने सुरू होते. अमेरिकेच्या पॉप यादीत ते नवव्या आणि आर अँड बी यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याआधी वर्षभर, १९६६ मध्ये, पर्सी स्लेज यांचे ‘व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन’ हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले होते. त्यातले फार्फिसा ऑर्गनचे लांब, धीरगंभीर सूरही ओल्डम यांचेच. या दोन्ही गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांत त्यांचे नाव नाही.

ओल्डम गाणी लिहीतही होते. डॅन पेन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले ‘आय अॅम युवर पपेट’ १९६६ मध्ये गाजले, ‘क्राय लाइक अ बेबी’ १९६८ मध्ये. या गाण्यांखाली त्यांचे नाव छापले जाते आणि लेखक म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीवर त्यांचा हक्क आहे. माणूस तोच, बोटे तीच, वर्षेही जवळपास तीच. एका गाण्यात त्यांनी दिलेले सूर ही त्यांची मालमत्ता ठरली आणि दुसऱ्या गाण्यात दिलेले सूर ही एका दिवसाची मजुरी. ही सीमारेषा कलेच्या अंगाने पाहिली तर कुठेच टिकत नाही. चाल आणि शब्द ठरले की गाणे तयार झाले आणि स्टुडिओत फक्त त्याची नोंद होते, असे मानणाऱ्या काळात ती आखली गेली. ध्वनिमुद्रित संगीतात गाणे घडते ते बऱ्याच अंशी स्टुडिओत. म्हणून माझे म्हणणे असे आहे की शिफ्टवर वाजवणाऱ्या प्रत्येक वादकाचे नाव नोंदले गेले पाहिजे आणि त्या ध्वनिमुद्रणाच्या कमाईत त्याला छोटा का होईना, पण कायमचा वाटा मिळाला पाहिजे. आपल्याकडे तर या दोन गोष्टी कायद्यानेच एकमेकींत गुंतवल्या आहेत, त्याकडे पुढे येतोच.

स्टुडिओतला कीबोर्ड किंवा ऑर्गनवादक नेमके काय करतो, हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. त्याच्यापुढचा कागद अनेकदा फक्त कॉर्डची नावे सांगतो. हॅमंड ऑर्गनचेच पाहा. आत ९१ दातेरी चक्रे फिरत असतात, समोर दोन पट्ट्या असतात आणि सुरांचे मिश्रण ठरवणारे दांडे नऊ-नऊच्या संचांत मांडलेले असतात. कोणता दांडा किती ओढायचा यावर तोच कॉर्ड बासरीसारखा निवळ लागेल की पितळी वाद्यासारखा खरखरीत, हे ठरते. उजव्या पायाखालचे पेडल आवाज चढवते-उतरवते. लेस्ली स्पीकरमधला फिरता कर्णा सावकाश ठेवायचा की जोरात, त्याचाही निर्णय वादकाचाच. त्यातून कॉर्ड कधी उचलायचा, किती वेळ धरायचा आणि गायकाच्या ओळीनंतर उरलेल्या जागेत काही बोलायचे की गप्प बसायचे, हे त्याने त्या क्षणी ठरवायचे असते. १६ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बॉब डिलन यांच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चे ध्वनिमुद्रण चालू असताना अल कूपर ऑर्गनवर बसले. ते मुळात गिटार वाजवणारे. कॉर्डची खात्री नसल्याने इतरांचा सूर ऐकून मगच ते पट्ट्या दाबत होते, त्यामुळे त्यांचा ऑर्गन बाकीच्यांच्या किंचित मागे पडत गेला. डिलन यांनी ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितला आणि तो मागे रेंगाळणारा सूर त्या गाण्याची ओळख बनला. हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते आणि लिहून आले असते असेही नाही.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे. वादकाने ठरलेले मानधन घेतले, काम केले, विषय संपला. इमारत बांधणारा गवंडी पुढे प्रत्येक भाडेकरूकडून हिस्सा मागत नाही. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण गवंड्याप्रमाणेच वास्तुविशारदही भाड्यात हिस्सा मागत नाही. संगीतात मात्र गीतकाराला, संगीतकाराला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला दर वापरामागे पैसे मिळतात. म्हणजे गाणे ही पुन्हा पुन्हा विकली जाणारी वस्तू आहे आणि तिच्या घडणीत ज्यांचा हात आहे त्यांनी तिच्या दीर्घायुष्यात वाटेकरी असावे, हे तत्त्व आपण आधीच मान्य केले आहे. मग प्रश्न उरतो तो यादी कुठे थांबवायची इतकाच. कंपनीने धोका पत्करला म्हणून तिला मोठा हिस्सा मिळतो, ते योग्यच आहे. न चाललेल्या गाण्याचे नुकसान वादक सोसत नाही, हेही खरे. म्हणून त्याचा वाटा लहान असावा. तो शून्य असावा, असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक वादकाला सहलेखक म्हणू लागलो तर एका गाण्याला वीस मालक होतील आणि कोणी कोणाला परवानगी देऊ शकणार नाही. हा धोका खरा आहे. प्रोकोल हारम या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ १९६७ मध्ये आले. त्याची ओळख आहे मॅथ्यू फिशर यांचा बाखच्या वळणाचा हॅमंड ऑर्गन. लेखक म्हणून नावे लागली ती गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. फिशर शिफ्टवरचे वादक नव्हते, वृंदाचे सदस्य होते; तरीही ते २००५ मध्ये न्यायालयात गेले. २००६ मध्ये त्यांना संगीतातला ४० टक्के वाटा मिळाला, २००८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे सहलेखकत्व कायम ठेवून पैशांचा हक्क काढून घेतला आणि जुलै २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो परत दिला, तोही २००५ च्या पुढचाच. म्हणजे त्याआधीच्या अडतीस वर्षांच्या कमाईतून त्यांच्या हाती काहीच आले नाही. ‘यंग अॅट हार्ट’ या गाण्यात व्हायोलिन वाजवणारे बॉबी व्हॅलेंटिनो तर खरोखरच एका शिफ्टपुरते आले होते, ७५ पौंडांवर. सहलेखक ठरायला त्यांनाही न्यायालयाची पायरी चढावी लागली. हे दोघे जिंकले याचा मला आनंद आहे. पण ज्याची सुरावट इतकी ठळक नाही, ज्याच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत आणि ज्याला उद्या त्याच निर्मात्याकडून काम हवे आहे, त्याला हा रस्ता बंदच आहे.

मालकी न वाटता मोबदला वाटण्याची सोय मात्र जगात आहे, आणि ती चालते. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानंतर ब्रिटनने २०१३ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ७० वर नेली. ही मुदतवाढ मिळताना कंपन्यांवर एक अट आली: पन्नास वर्षे उलटलेल्या ध्वनिमुद्रणाच्या विक्रीतून येणाऱ्या महसुलाचा २० टक्के भाग एकरकमी मानधनावर वाजवलेल्या वादकांसाठी बाजूला काढायचा. अमेरिकेत इंटरनेट आणि उपग्रह रेडिओकडून वैधानिक परवान्याखाली जमा होणाऱ्या पैशांपैकी पाच टक्के साथीच्या वादक-गायकांसाठी राखीव असतात. दोन्ही व्यवस्था अपुऱ्या आहेत. ब्रिटनमधल्या वादकाला या निधीसाठी अर्धशतक थांबावे लागते आणि अमेरिकेत साधा रेडिओ कलाकारांना आजही काहीच देत नाही. पण इथे गाण्याची परवानगी देण्याचा अधिकार कंपनीकडेच राहतो, वीस मालकांचा गोंधळ होत नाही आणि कोणाला आपली सुरावट किती ‘मौलिक’ होती हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

आता मुंबईकडे येऊ. हिंदी आणि मराठी चित्रपटसंगीताची इमारत ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली, त्यांत गोव्यातून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक होते आणि त्यांनी लिहिलेले पीस वाजवणारे शेकडो वादक होते. ‘रूप तेरा मस्ताना’मधले अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचे. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन, जिच्यावर थिएटरांत माणसे डोलली, ती खरी बीन नव्हतीच. कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या छोट्या कीबोर्डवर ती वाजवली होती. संगीतकार होते हेमंतकुमार. कल्याणजींचे नाव पडद्यावर मोठे झाले ते पुढे ते स्वतः संगीतकार झाल्यावर, अगदी ओल्डम यांच्यासारखेच.

२०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला की तो कंपनीला लिहून देता येत नाही. कलाकाराच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर त्यालाही रॉयल्टी, हेही ३८अ कलमाने मान्य केले. त्याच दुरुस्तीने कलाकाराच्या व्याख्येला मात्र एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र येत नाही, तो कलाकार धरला जाणार नाही. आपल्या कामाची मोडतोड होऊ नये, एवढ्यापुरतेच त्याला कलाकार मानायचे. एका शिफ्टला येऊन ऑर्गनचा एक पीस वाजवून जाणाऱ्याला या खाचेत ढकलणे फार सोपे आहे. नाव मिळणे हा कलाकाराचा नैतिक हक्क याच कायद्यात आहे, पण नाव न देण्याचा रिवाज असेल तर तो हक्कही जातो आणि त्याच्याबरोबर रॉयल्टीही. ज्यांनी नावे गाळली त्यांच्याच सवयीला कायद्याने पुरावा मानले आहे. हे परंतुक निदान संगीत वादकांपुरते तरी रद्द व्हायला हवे.

मुंबईचे वादक तर संयोजकाने लिहून दिलेले नोटेशनच वाजवत, त्यांचे स्वतःचे काय, असे इथे विचारले जाईल. पुष्कळदा ते तसेच होते. पण गायकही दुसऱ्याने बांधलेली चालच गातो आणि त्याचा हक्क कोणी नाकारत नाही. कलाकाराचा हक्क रचनेचा नाहीच, तो ध्वनिमुद्रणात उतरलेल्या सादरीकरणाचा आहे. २०१३ मध्ये गायकांपुरती नोंदणी झालेली ‘इस्रा’ ही संस्था आता ‘इसाम्रा’ म्हणून वादकांनाही सामावून घेते, म्हणजे पैसे गोळा करून वाटायला दारही आहे. अडते ते नोंदीपाशी. कोण कोणत्या गाण्यात वाजवतो हे रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक असते, कारण त्याच दिवशी पैसे चुकते करायचे असतात. तीच यादी ध्वनिमुद्रणाच्या डिजिटल ओळखक्रमांकाला जोडायला काही मिनिटे लागतात. आता जो वादक घरच्या स्टुडिओतून आपला ट्रॅक फाइलने पाठवतो, त्याच्या बाबतीत तर ही नोंद त्याच वेळी व्हायला हवी, कारण तो कोणाच्या डोळ्यांपुढे वाजवत नाही.

जुन्या गाण्यांची नावे कशी शोधणार, हा शेवटचा आक्षेप. काही कायमची हरवली आहेत. पण अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपट वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये त्यांच्यावर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. माणसे हयात असली आणि कोणी विचारायला गेले, तर कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले हे ती सांगू शकतात. केरसी लॉर्ड २०१६ मध्ये गेले. त्यांच्या पिढीतले जे मागे आहेत, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. ज्या कंपन्या त्या काळातली गाणी आजही विकत आहेत, त्यांच्याच खर्चाने हे विचारण्याचे काम याच वर्षी सुरू झाले पाहिजे.