ओसरीवरील गोष्टी : अपुरा जोड

आमच्या हिंगोलीकडे हळदीचें पीक फार. वैशाख-ज्येष्ठांत बेणें लावावें, माघ-फाल्गुनांत काढावें. मग शिजविणें, वाळविणें, घासून चकचकीत करणें, आणि त्यानंतर कोठें ती वसमतच्या बाजारांत जावयाची. आठ-नऊ महिने जमिनीखालीं काय चाललें आहे हें शेतकरी रोज उकरून पाहत नाहीं. परंतु ज्याचा धंदा माळ्यावरील खोलींत, यंत्रासमोर बसून चालतो, त्यानें हा धीर कोठून आणावा?

नात्यानें पुतण्या लागणारा व पूर्वीं माझ्याकडे संस्कृत शिकलेला एक तरुण गेल्या श्रावणांत असाच खिन्न होऊन ओसरीवर आला. संगणकावरील खेळांसाठीं तो चित्रें काढतो. वाडे, विहिरी, झाडें, शिपाई, राक्षस अशीं चित्रें इंटरनेटवरील दुकानांत ठेवावीं व देशोदेशींच्या खेळ बनविणारांनीं तीं विकत घ्यावीं, असा हा व्यापार. दुकानहि आपला वाटा ठेवितें. युनिटी नांवाच्या दुकानांत तो शंभरांत तीस. "काका, चौदा महिन्यांत नऊ विक्र्या झाल्या," तो म्हणाला. "आई म्हणते, बँकेची परीक्षा दे. मलाहि आतां तसेंच वाटूं लागलें आहे."

खरें सांगावयाचें तर वहिनींचेंच म्हणणें उचलून धरण्यासाठीं मीं तोंड उघडलें होतें. तेवढ्यांत त्यानें चित्रें दाखविलीं. त्यांतील एका पाषाणी देवळाची भिंत पाहून मला औंढ्याचा नागनाथ आठवला, आणि शब्द ओठांतच राहिले. खेळ हा विषय हलका, असें म्हणण्याचीहि सोय नव्हती. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, पंडित हरिकृष्ण यांनीं १८७१ सालीं 'क्रीडाकौशल्य' हा ग्रंथ संस्कृतांतच रचिला आहे.

"हें देऊळ कोण घेतो?" मीं विचारलें.

"एकटें देऊळ कोणी घेत नाहीं. त्यास पायऱ्या, दारें, दिवे, पडलेले दगड असें सगळें एकाच मापाचें व एकाच हातचें लागतें."

"असे तुझे जोड किती पूर्ण आहेत?"

तो गप्प राहिला. एकहि नव्हता. विक्री होत नाहीं असें दिसतांच प्रत्येक जोड अर्ध्यावर टाकून त्यानें नवा आरंभिला होता.

तेव्हां मीं त्यास सावंतवाडीच्या गंजिफांची हकीकत सांगितली. दशावतारी गंजिफांच्या एका जोडांत गोल पानें १२० असतात. दहा अवतार आणि प्रत्येकाचीं बारा पानें : एक राजा, एक प्रधान, व एक ते दहा चिन्हांचीं दहा. एखादें मत्स्याचें पान कितीहि सुरेख असलें तरी त्या एका पानानें डाव मांडतां येत नाहीं. पुढें छापील पत्ते स्वस्त झाले, गंजिफा मागें पडल्या, व करणारे हातहि थकले. १९७० नंतरच्या काळांत शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यांतच कारखाना घातला. खेळणारे परत आले नाहींत; परंतु कलेचे चाहते गिऱ्हाईक झाले. सत्त्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या. गंजिफांस भौगोलिक मानांकन मिळालें तें २०२४ सालीं.

तरुण हुशार. तो लगेच म्हणाला, "काका, त्यांच्यापाशीं राजवाडा होता. आमचें घर भाड्याचें आहे."

तें खरेंच होतें. म्हणून कर्मफलाचा उपदेश मीं केला नाहीं. रिकाम्या पेटीपुढें बसलेल्यास तो उपदेश न वाटतां टोमणा वाटतो. आम्हीं दोघांनीं मिळून एवढेंच ठरविलें : बँकेची परीक्षा द्यावी, कारण पोटाची चिंता पुसली तर हात स्थिर राहतो. पहाटेचे दोन तास मात्र चित्रांस द्यावे. देवळाचा जोड पुरा होईपर्यंत दुसरें कांहीं आरंभूं नये. विक्रीचा आंकडा महिन्यांतून एकदांच पाहावा. ज्या नऊ जणांनीं चित्रें घेतलीं, त्यांना काय उपयोगीं पडलें व काय उणें वाटलें, हें त्यांनाच विचारावें. आणि येत्या दिवाळीस सर्व हिशेब पुन्हा मांडावा. त्या वेळीं धंदा सोडावयाचा ठरला तरी तो पराभव समजूं नये.

चैत्रांत देवळाचा जोड पुरा झाला. दोन जणांनींच कळविलें होतें; परंतु दोघांचेंहि मागणें एकच निघालें, आणि तें म्हणजे तुटकी भिंत. ती त्यानें काढली. त्यानंतर विक्री झाली ती तीनच. नऊंच्या पुढें तीन म्हणजे कांहीं वैभव नव्हे; पण परवां तो आला तेव्हां विक्रीविषयीं बोललाच नाहीं. पावसांत भिजलेला दगड कसा रंगवावा, हें तो मला समजावीत होता.

वडीलधाऱ्या वाचकांस एकच विनंति. अशा मुलास पानावर बसतांना "आज किती विकलें?" असें विचारूं नये. तो आंकडा त्यास आपल्याआधींच ठाऊक असतो. "आज काय पुरें झालें?" असें विचारावें. वहिनी हल्लीं तसें विचारतात. आणि कधीं कधीं, जेवण झाल्यावर, तें पाहण्यास माळ्यावरहि जातात.