राष्ट्रपती थेट निवडावा काय?

राष्ट्रपतींची निवडणूक जवळ आली की एक जुनी मागणी नव्या उत्साहाने पुढे येते: हा मान आमदार-खासदारांकडे कशास? सर्व मतदारांनीच राष्ट्रपती निवडावा! मागणी कानाला गोड आहे. लोकांच्या कौलाविषयी ज्यांस आस्था आहे त्यांना ती नाकारणे जड जाते, आम्हांसही गेले. तथापि ती मान्य करण्याजोगी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न नवा नव्हे. प्रा. के. टी. शहा यांनी 1948 साली घटना परिषदेत प्रौढ मतदानाची उपसूचना मांडली होती. ती फेटाळली गेली. पंडित नेहरूंनी 1947 सालीच यातील विसंगती दाखविली होती. सत्ता मंत्रिमंडळाची, मग ज्याला सत्ता द्यावयाची नाही, त्याला साऱ्या देशाचा कौल घ्यावयास का लावावे? कोट्यवधी मतांनी निवडून आलेला मनुष्य सलामी घेत स्वस्थ बसेल, असे मानणाऱ्यास मनुष्यस्वभाव ठाऊक नाही. मतभेद होताच तो पंतप्रधानांना म्हणेल, 'तुम्हांला एका मतदारसंघाने निवडले, मला देशाने!' एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. फ्रान्समध्ये 1848 साली लुई नेपोलियन थेट लोकमताने अध्यक्ष झाला. 1851 च्या डिसेंबरात त्याने प्रतिनिधिसभाच मोडली आणि पुढच्या वर्षी तो सम्राट होऊन बसला. द गॉल यांनी 1962 साली सार्वमताने थेट निवडणूक पुन्हा आणली हे खरे, पण तेथे अध्यक्षास खरीखुरी सत्ता आहे.

प्रतिपक्षाचा बिनतोड दाखला 25 जून 1975 च्या रात्रीचा. मंत्रिमंडळाची बैठकही झाली नसता राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर सही केली. दाखला झोंबतो. परंतु सही रोखण्यास कणा लागतो, आणि तो मतपेटीतून मिळेलच असे नाही. खरा उपाय 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने झाला: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्यावाचून अशी घोषणा करता येत नाही.

चालू पद्धत निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. 2022 च्या निवडणुकीत बेळगावच्या आमदाराच्या मताचे मूल्य 131, मुंबईच्या आमदाराचे 175, आणि चोर्ला घाट उतरताच गोव्यात अवघे 20! लोकसंख्येच्या प्रमाणात हे असावयाचेच. पण ती लोकसंख्या 1971 ची, म्हणजे अर्धशतकापूर्वीची. भांडावयाचे तर या शिळ्या शिरगणतीवर भांडा.

थेट निवडणूक मागणाऱ्यांनी आधी 74 व्या कलमाचे काय करणार ते सांगावे. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारकच राहणार असेल, तर देशभरच्या मतदारांना रांगेत उभे करून तुम्ही निवडावयास काय सांगणार?