बंब आमच्या गल्लीत केव्हा येणार?

१४ एप्रिलला तालुक्याच्या गावात दोन कार्यक्रम होतात. एक आपला. सकाळी निळ्या झेंड्याला मानवंदना, त्रिशरण-पंचशील, पुतळ्याला अभिवादन आणि संध्याकाळी मिरवणूक. दुसरा कार्यक्रम नगरपरिषदेच्या आवारात होतो. बंब धुऊन-पुसून उभा केलेला असतो, त्याला झेंडूची माळ घातलेली असते, चार-पाच फायरमन गणवेशात सावधान उभे असतात, मुख्याधिकारी पुष्पचक्र वाहतात आणि अग्निशमन सेवा सप्ताह सुरू झाल्याचे जाहीर होते. कारण १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' हे दारूगोळा आणि कापसाच्या गासड्यांनी भरलेले जहाज पेटले व फुटले. ती आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती आणि ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

तारीख एक, कार्यक्रम दोन, आणि दोन्ही एकमेकांकडे पाठ करून! आम्ही काही वर्षे हा दुसरा कार्यक्रमही मुद्दाम पाहायला जातो. ट्रेमध्ये डिझेल पेटवतात, एक जवान पावडरचा सिलिंडर घेऊन ते विझवतो, शाळेची मुले टाळ्या वाजवतात. पण गावातल्या ज्या वस्तीत आगीचा धोका सर्वात मोठा, तिथला एकही माणूस तिथे नसतो. तो जयंतीच्या तयारीत असतो. यात आपला दोष नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सप्ताह २० तारखेपर्यंत चालतो. १६ किंवा १७ तारखेला तेच प्रात्यक्षिक बुद्धविहारासमोर का होत नाही, हा प्रश्न नगरपरिषदेला कुणी विचारत नाही.

येथे कायदा काय सांगतो ते पाहणे आवश्यक आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावे परिशिष्ट आले. शहरांतील स्थानिक संस्थांकडे द्यावयाच्या विषयांत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींसाठी अकरावे परिशिष्ट आहे, त्यात २९ विषय आहेत, आणि त्या २९ मध्ये अग्निशमन नाही. म्हणजे खेड्यात आग लागली तर ती विझवणे हे कागदावरही कुणाचे स्वतंत्र काम नाही! तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब सवडीने यायचा, तोवर घर राख. खेड्याबद्दल बाबासाहेबांचे मत काय होते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्या खेड्याच्या बाहेर, गावकुसापलीकडे जी घरे आहेत, त्यांच्यापर्यंत तर बंब सर्वात शेवटी पोहोचतो.

आणि पोहोचला तरी किती वेळ पुरतो? छोट्या गावच्या बंबाची टाकी साडेचार-पाच हजार लिटरची असते. एक नळी पूर्ण दाबाने चालवली तर दहाएक मिनिटांत ती रिकामी होते. मग टँकर शोधा, विहीर शोधा. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली, पुढे मांडवाचे बांबू, वर लोंबणाऱ्या वीजतारा. बंब तिथेच अडतो. आमच्या ओळखीच्या एका नगरपरिषदेत तर रात्रपाळीला बंबावर प्रशिक्षित फायरमन एकच, आणि नळी ओढायला सफाई कामगार. ज्याने सकाळी गटार उपसले त्यानेच रात्री धुरात शिरायचे. त्याला ना बूट, ना श्वसनयंत्र. हे काम कुणाच्या वाट्याला आले आहे हे वेगळे सांगावे काय?

म्हणून पहिली दहा मिनिटे वस्तीलाच सांभाळावी लागतात, यात वाद नाही. जगातल्या लहान गावांनी यावर एक उपाय काढला: स्वयंसेवी अग्निशमन दल. ('स्वयंसेवक' म्हटले की आमच्या वाचकांच्या कपाळावर आठी पडते, ती पडणे साहजिक आहे. पण हा शब्द कुणी एकट्याने विकत घेतलेला नाही.) अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात अशी पहिली कंपनी उभी केली. आजही त्या देशातले सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक बिनपगारी आहेत. दिवसा कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी शेतकरी. आठवड्यातून एक संध्याकाळ सराव: नळी जोडणे, शिडी लावणे, धुराने भरलेल्या खोलीत जमिनीलगत सरपटत माणूस शोधणे. रविवारी गावजेवण घालून बंबासाठी पैसे जमवायचे, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन धुराची सूचना देणारे यंत्र बसवून द्यायचे, शाळेत जाऊन पोरांना शिकवायचे. जर्मनीतही छोट्या गावांचा भार अशाच दलांवर आहे. तिथे भोंगा वाजला की मालकाने कामगाराला सोडलेच पाहिजे, आणि त्या तासांची मजुरी नगरपालिका मालकाला भरून देते. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने कर्तव्यावर मरण पावलेल्या बिनपगारी जवानाच्या कुटुंबालाही पगारी जवानाच्या कुटुंबासारखीच रक्कम मिळते. या शेवटच्या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

पण या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही आमच्या धर्माला जागलो नाही असे होईल. त्याच फिलाडेल्फियात १८१८ साली कृष्णवर्णीयांनी स्वतःची अग्निशमन संघटना काढण्याचा प्रयत्न केला. आग विझवायला हात हवे होते, हे हात तयार होते. तरी गोऱ्यांच्या कंपन्यांनी एकत्र येऊन विरोध केला आणि ती संघटना उभी राहण्याआधीच मोडली. आणि वीस वर्षांनी काय झाले? गुलामगिरीविरोधी लोकांनी वर्गणीतून बांधलेले 'पेनसिल्व्हेनिया हॉल' १४ मे १८३८ ला उघडले. १७ मेच्या रात्री जमावाने ते पेटवले. बंब आले, नळ्या जोडल्या गेल्या, आणि पाणी आजूबाजूच्या इमारतींवर मारले गेले. हॉल जळू दिला! ज्या अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्यांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्यांच्याच माणसांचे ते सभागृह. पुढे मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात हक्क मागणाऱ्या शाळकरी मुलांवर याच नळ्यांचा मारा झाला. पाणी आग विझवते, तद्वतच माणसाला भिंतीवर आपटतेही. नळीच्या तोंडाशी कोण उभा आहे आणि त्याला हुकूम कोण देतो, हा खरा प्रश्न आहे.

आम्हाला हे अमेरिकेकडून शिकण्याची गरज नव्हती. १९६८ साली तामिळनाडूत किळवेन्मणी येथे एका झोपडीत ४४ दलित स्त्री-पुरुष-मुले जाळली गेली. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव होताच मराठवाड्यात वस्त्यांच्या वस्त्या पेटल्या. त्या आगी बादलीने विझणाऱ्या नव्हत्या हे खरे. परंतु गावच्या आपत्ती पथकात आमचा माणूस असता तर वर्दी तरी वेळेवर गेली असती.

आता आपल्याकडच्या योजनेकडे वळू. केंद्राने २०१६ साली 'आपदा मित्र' ही योजना ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू केली. २०२१ पासून ती देशातील ३५० जिल्ह्यांत नेऊन एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, गणवेश, हेल्मेट, दोर, प्रथमोपचार पेटी आणि तीन वर्षांचा विमा. कामाची गोष्ट आहे. महापुरात अशीच पोरे छातीभर पाण्यात उतरतात. पण तीन वर्षांनंतर काय? विमा संपतो, पोरगा तोच राहतो, आणि फोन आला की तो धावतोच.

इथे आमच्या मनात महारवतन जागे होते. गावाची गस्त, निरोप, वर्दी, मेलेले जनावर, अधिकाऱ्याचे ओझे. चोवीस तास बांधील, मोबदला म्हणून तुकडाभर जमीन आणि बलुत्याची मूठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. त्या व्यवस्थेचेही कौतुक करणारे 'गावसेवा' असाच शब्द वापरीत! म्हणून आज नगरपरिषद फायरमनच्या जागा रिक्त ठेवते, ठेकेदारामार्फत माणसे घेते आणि वर स्वयंसेवकांचे सत्कार करते, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवू शकत नाही. कायम जागा भरल्या तर त्यात आरक्षण लागू होते, पगारपत्रक होते, निवृत्तिवेतनाचा हिशेब होतो. स्वयंसेवकाला यातले काहीच नाही. जिथे आरक्षण नको तिथे सेवाभाव आठवतो, ही युक्ती जुनी आहे.

मग आपल्या तरुणांनी यात जाऊ नये काय? चळवळीतले काही कार्यकर्ते तसेच म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे आगीत गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात ११ रुग्ण गेले. सरकारी रुग्णालयात कोण जाते? ज्याला खासगी परवडत नाही तो. आग लागते तेव्हा जळणारा बहुधा आपलाच असतो, मग विझवण्याची विद्या आपल्याकडे नको असे म्हणणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे. पाण्यावरचा हक्क चवदार तळ्यावर सांगितलेल्या समाजाने पाण्याची नळी दुसऱ्याच्या हातात सोडू नये.

आपल्याजवळ शिस्तीची परंपरा आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंच्या रांगा सांभाळताना समता सैनिक दलाचे सैनिक दरवर्षी दिसतात. तीच शिस्त विहारात महिन्यातून एक रविवार लावता येईल. शिकवण्याच्या गोष्टी फार नाहीत. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही, झाकण ठेवून गॅस बंद करायचा. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच. सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत असेल तर ओले पोते टाकून रेग्युलेटर बंद. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. दोन तासांत हे होते, आणि आमच्या पाहण्यात तरुण मुलांपेक्षा महिला मंडळ ते लवकर शिकते, कारण चूल त्यांच्यासमोर असते. जयंतीच्या मिरवणुकीत उंच लोखंडी झेंडे आणि वरच्या तारा हा विषयही याच वर्गात घ्यावा. दरवर्षी मार्च महिन्यातच घ्यावा. १३ एप्रिलच्या रात्री कुणी ऐकत नाही.

ज्यांना पुढे नोकरी करायची आहे त्यांनी गल्लीतल्या 'फायर अँड सेफ्टी' पाट्यांच्या नादी लागून घरचे पन्नास हजार घालवण्याआधी चौकशी करावी. फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम राज्याच्या मुंबईतील प्रशिक्षण केंद्रात होतो. अधिकारीपदासाठी राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे. १९५६ साली रामपूरला सुरू झालेली ही संस्था पुढच्याच वर्षी नागपूरला आली. दीक्षाभूमीला जाणाऱ्या किती पोरांना ती ठाऊक आहे?

आणि जे आपदा मित्र झाले आहेत किंवा होणार आहेत, त्यांनी अटी घालायला लाजू नये. काम बुडेल त्या दिवसाची मजुरी, कायम विमा, मृत्यू आला तर पगारी जवानाइतकीच भरपाई, आणि फायरमनच्या भरतीत त्यांच्या सेवेचे गुण. जर्मनी-अमेरिकेत हे मिळते तर इथे मागणे म्हणजे भीक नव्हे.

सुरुवात अर्जाने करावी. आपल्या नगरपरिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा: अग्निशमन विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, ठेक्यावर किती आणि त्यांत अनुसूचित जातीचे किती, गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या वस्तीत प्रात्यक्षिक झाले, तारखेसह, आपल्या वस्तीला सर्वात जवळचा बंब भरण्याचा नळ कुठे आहे, आणि बंब आपल्या गल्लीत शिरतो की नाही याची पाहणी कधी झाली. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले नाही तर अपील करा, आणि आले तर त्याची एक प्रत विहाराच्या फलकावर लावा.