लहान मैदानाचा मान

अमेरिकेंत कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम संपला म्हणजे निवडक संघांना बोलावून एक अखेरचा सामना खेळवितात. त्याला तिकडे ‘बाऊल’ म्हणतात; वाडग्याच्या आकाराच्या क्रीडांगणावरून हें नांव रूढ झालें. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढें जावयाचें, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकतां आलें नाहीं तर चेंडू त्यांच्या स्वाधीन करावयाचा. आपल्या हुतुतूंतील झुंज त्यांत सहज ओळखूं येते.

फ्लॉरिडांतील ऑर्लँडो येथें १ जानेवारी १९४७ रोजीं ‘टँजरीन बाऊल’ हा असा सामना प्रथम झाला. कटॉबा व मेरीव्हिल हीं दोन छोटीं कॉलेजें खेळलीं आणि कटॉबानें ३१–६ असा जय मिळविला. सामना भरविला होता एका परोपकारी मंडळानें. पुढें त्याची कीर्ति वाढली, आणि १९६८ पासून तेथें मोठ्या विद्यापीठांचे संघ येऊं लागले. ज्यांनीं घर बांधलें, त्यांनाच त्यांत जागा उरली नाहीं! सुदैवानें १९७३ पासून ‘स्टॅग बाऊल’ हा लहान कॉलेजांच्या अजिंक्यपदाचा सामना झाला. त्यांतील खेळाडूंना खेळाबद्दल शिष्यवृत्ति मिळत नाहीं. तीं मुलें अभ्यास सांभाळून केवळ आवडीनें खेळतात.

ही परदेशची हकीकत भोईवाड्याच्या वाचकांस सांगण्याचें कारण उघड आहे. परळ, लालबाग, नायगांव, भोईवाडा हा टापू कबड्डीचा. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढी जागा, सात गडी आणि तीस सेकंदांची चढाई. ह्यापलीकडे खेळाला कांहीं लागत नाहीं. म्हणूनच गिरणी-कामगारांच्या वस्तींत तो रुजला. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें तो बर्लिनला दाखविला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत त्याला पदकाचा मान मिळाला. आणि २०१४ च्या ऑगस्टांत व्यावसायिक कबड्डीचा पहिला अंतिम सामना वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहांत झाला. त्यांत जयपूरनें मुंबईच्या संघाला ३५–२४ असें हरविलें.

ह्या उत्कर्षाचा आनंद कोणास होणार नाहीं? परंतु वरळीच्या दिव्यांनीं डोळे दिपल्यावर गल्लीच्या मैदानाकडे पाहण्यास आपण विसरलों, तर टँजरीन बाऊलची गोष्ट येथेंही घडेल. मोठा खेळाडू लहान मैदानावरच तयार होतो. शिवाय जो मोठा होणार नाहीं, त्याचाही खेळावर तितकाच हक्क आहे.

आपल्या घरांतून ह्या बाबतींत दोन शंका निघतात: परीक्षा बुडेल आणि गुडघा मोडेल. दोन्ही खोट्या नाहींत. त्यांवर उपाय वेळेचा नियम आणि जाणता शिक्षक हा आहे. मुलाला, आणि विशेषतः मुलीला, घरीं बसविणें हा नव्हे. पाटण्याला २०१२ सालीं स्त्रियांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत महाराष्ट्राच्या मुली होत्या, हें वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

मुलांच्या परीक्षेचा निकाल ऐकण्यास सारें घर जमतें. त्यांच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यासही घरांतील दोन वडील माणसें मैदानाच्या कडेला उभीं असावींत. हार झाली तर त्यांची गरज अधिकच.