पावती कुणाच्या पेटीत?

आपल्या चळवळीत मोर्चाला माणसे मिळतात. इतिवृत्त लिहायला मिळत नाहीत. घोषणा देऊन घसा बसलेल्या कार्यकर्त्याचे कौतुक होते आणि ठरावाची नक्कल जपून ठेवणाऱ्याला ‘कारकून’ म्हणून हिणवले जाते. ही वृत्ती किती महाग पडते, हे कूळ कायद्याच्या इतिहासात पाहावे.

१९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि त्याची १९५६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालक करण्याचे वचन दिले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. काही अपवाद वगळता, त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने ती विकत घेतली असे मानले जाणार होते. पण आपण कूळ आहोत हे त्याने सिद्ध कशाने करावयाचे? खंडाची पावती देणे मालकावर बंधनकारक होते. प्रत्यक्षात मात्र पावती मागणे म्हणजे मालकावर अविश्वास दाखविणे, आणि असा अविश्वास दाखविणाऱ्याला पुढच्या हंगामात त्या रानात नांगर धरता येईल याची शाश्वती नव्हती. पीकपाहणीत कुळाच्या नावाऐवजी मालकाचे ‘खुद्द’ लागले की वर्षानुवर्षांची वहिवाट कागदावरून पुसली जाई. वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्याची कितीतरी प्रकरणे त्यांच्यासमोर आली आणि ती स्वखुशी कितपत खरी, याविषयी त्यांना शंका घ्यावी लागली. अंगठा कुळाचा होता. कागद मालकाच्या पेटीत होता.

लेखणीच्या जोरावर शेतकरी कसा नागवला जातो, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखविले होते. यावरून आपले काही मित्र असा निष्कर्ष काढतात की, कागद हे वरच्यांचेच हत्यार. आपण माणसाच्या शब्दावर विसंबावे. मला तो मान्य नाही. हत्यार त्यांचे असेल, पण ते कायमचे त्यांच्याच हाती राहावे असा कुठे नियम आहे?

वनहक्क कायद्याचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. २००६ च्या या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा जमिनीचा ताबा दाखवावा लागतो. जंगलखात्याने अतिक्रमण म्हणून आदिवासींना वेळोवेळी दंड केले होते. ज्यांनी त्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात, कुडाच्या खाचेत जपल्या, त्यांच्या दाव्यांना त्याच पावत्यांनी बळ दिले. गुन्हेगार ठरविण्यासाठी फाडलेली पावती हक्काचा पुरावा झाली! ज्यांच्या पावत्या पावसात भिजल्या, वाळवीने खाल्ल्या, त्यांच्यासाठीही नियमांनी वाट ठेवली आहे : गावातील वृद्धांचे निवेदन ग्राह्य धरले जाते. मात्र तेही लिहून घ्यावे लागते. ते लिहून घेणारा, दाव्याची पोच मागणारा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत स्वतःजवळ ठेवणारा कार्यकर्ता ज्या गावात नाही, तेथे दावा फेटाळला गेला तर अपिलात मांडायला काय उरते?

आज आपल्यासमोर बटाईदाराचा प्रश्न आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने मोबाईलवरून स्वतःच पीकपाहणी नोंदवावी अशी सोय झाली. तलाठ्याची मर्जी राखण्याची गरज त्यामुळे कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तोंडी बोलीवर दुसऱ्याचे रान कसणाऱ्याचे नाव त्यात सहसा येत नाही. कूळ लागेल या भीतीने मालक लेखी करार टाळतो. जमीन जाईल या भीतीने बटाईदारही गप्प राहतो. गारपीट झाली की पीक बुडते बटाईदाराचे आणि पंचनामा होतो सातबाऱ्यावरील नावाने.

अशा बटाईदारांची गाववार नोंद आपल्या किती शाखांकडे आहे? कोणी, कोणत्या गटात, किती हंगाम, कोणत्या बोलीवर शेत कसले, एवढे दोनशे पानी वहीत तारखेनिशी उतरवून खाली चार शेजाऱ्यांच्या सह्या घेण्यास कोणत्याही सरकारी परवानगीची गरज नाही. ती वही उद्या कचेरीत निर्णायक ठरेलच असे नाही. पण मालक ‘हा माझा गडी’ म्हणून हात झटकील, तेव्हा बटाईदाराच्या बाजूने पुढे करायला काहीतरी असेल. पुढच्या पेरणीपूर्वी हे काम सुरू व्हावयास हवे. आणि वही कुणाच्या घरी राहणार, हेही त्याच बैठकीत लिहून ठेवावे.