आपल्या मोहल्ल्याचा प्रश्न आपली मुलं विचारतील
दहावी-अकरावीच्या मुलांनाही सामाजिक संशोधनासाठी फेलोशिप मिळू शकते, असं सांगितलं की पालकांचा पहिला सवाल येतो, "याचा मेडिकलला फायदा होईल का?" नाही होणार. पण फायदा दुसराच आहे.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात आपल्या शिक्षणाची, नोकऱ्यांची आकडेवारी आहे. पण आपल्या गल्लीतल्या किती मुली दहावीनंतर घरी बसल्या आणि का, हे गल्लीतच मोजावं लागेल. संशोधन हा सामान्य माणसाचाही हक्क आहे, असं अर्जुन अप्पादुराई यांनी त्याच वर्षी एका निबंधात मांडलं. त्यांच्या पुढाकारानं मुंबईत सुरू झालेल्या 'पुकार' संस्थेच्या फेलोशिपमधून वस्त्यांतल्या तरुणांनी आपापल्या परिसराचा अभ्यास केला आहे.

अर्जात "मुस्लिम मुलींचं शिक्षण" असा पसरट विषय नको. "आमच्या मोहल्ल्यातल्या दहावी पास मुलींपैकी कॉलेजात कोण गेल्या, कोण नाही, आणि घरात निर्णय कोणी घेतला?" असा नेमका प्रश्न हवा. किती घरं, किती दिवस, हेही लिहावं. परवानगी घेऊनच विचारू, कुणाचं नाव उघड करणार नाही, हे विसरू नये.

अम्मी-अब्बांनो, अर्ज तुम्ही लिहून देऊ नका. संमतीपत्रावर सही मात्र करा. घरोघरी जायला मुलीसोबत एक मैत्रीण द्या. परक्यांपुढे गप्प बसणाऱ्या बायका तिच्याशी बोलतील. मग तिला मिळालेली उत्तरं शांतपणे ऐका. त्यात एखादं उत्तर आपल्याही घरचं असेल.