सही त्याची, पाप तिचे

गर्भपातासाठी बाई दवाखान्यात गेली की तिच्यापुढे कागद येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘मिस्टर आलेत का?’ नवऱ्याची सही हवी असते. कायद्याने ती लागत नाही. १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा सज्ञान स्त्रीची संमती मागतो, तिची एकटीची. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले: घरच्यांची संमती आणा, ही कायद्याबाहेरची अट आहे, डॉक्टरांनी ती घालू नये. तरी अनेक ठिकाणी सही घेतली जाते आणि नवरा ती करतो. निर्णय आपला आहे, हे त्याला त्या टेबलापाशी पक्के ठाऊक असते.

हीच बाई कॅथलिक असेल तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ती पापनिवेदनाला जाते. एकटी जाते. ‘मिस्टर आलेत का?’ हे तिथे कोणी विचारत नाही.

विचारायला हवे, कारण चर्चचा स्वतःचा कायदा ते विचारतो. गर्भपात घडवून आणणारा आपोआप धर्मबहिष्कृत होतो, हे धर्मसंहितेतले कलम (आताचा क्रमांक १३९७, पोटकलम २) सर्वांना माहीत असते. त्याच्या आगेमागे काय लिहिले आहे ते फारसे कोणी सांगत नाही. कलम १३२९ म्हणते, ज्याच्या मदतीवाचून हे कृत्य झालेच नसते त्यालाही तीच शिक्षा. म्हणजे गर्भपात करणारा डॉक्टर. म्हणजे पैसे मोजून, ‘हे पोट पाडलेच पाहिजे’ असे बजावून तिला तिथवर घेऊन गेलेला नवरा. आणि कलम १३२४ म्हणते, गंभीर भीतीपोटी, नाइलाजाने, अठरा वर्षांच्या आत किंवा अशी शिक्षा आहे हे ठाऊक नसताना जिच्या हातून हे घडले तिला आपोआप होणारा बहिष्कार लागू होत नाही. पाप उरते, त्याची क्षमा मागावी लागते. पण ती चर्चबाहेर फेकली गेलेली नसते.

आता हा कायदा एखाद्या घरात ठेवून पाहा. सासू म्हणते, आत्ता नको. नवरा म्हणतो, ठेवलेस तर माहेरी जा. बाई मान खाली घालून जाते. कायद्याच्या तराजूत तिचे पारडे हलके आहे आणि नवऱ्याचे जड. प्रत्यक्षात दहा वर्षे ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे न जाणारी तीच असते. तो दर रविवारी रांगेत उभा असतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५च्या ‘इव्हांजेलियुम व्हिटे’ या परिपत्रकात जबाबदारांची यादी दिली आहे. आईखेरीज कोण, तर सर्वांत आधी मुलाचा बाप. मग घरचे, मित्र, डॉक्टर, कायदे करणारे. इतके स्पष्ट लिहून ठेवले. पण त्याच परिपत्रकात पुढे, ९९व्या परिच्छेदात, धीराचे शब्द येतात ते फक्त गर्भपात केलेल्या स्त्रियांसाठी. खचू नका, क्षमेचे दार उघडे आहे, असे तो परिच्छेद त्यांना सांगतो. फार हळुवार लिहिलेला परिच्छेद आहे तो, अनेकींना त्याने सावरले असेल. पण यादीत पहिल्या नावाने आलेल्या बापाला उद्देशून तसा परिच्छेद नाही. चूक दोघांची, मलमपट्टी एकीची, आणि म्हणून डागही एकीचाच.

पोप फ्रान्सिस यांनी वाट रुंद केली. १ सप्टेंबर २०१५च्या पत्राने, दयेच्या वर्षापुरती, प्रत्येक धर्मगुरूला या पापाची क्षमा देण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबर २०१६मध्ये ती मुदतीविना पुढे चालू राहिली. गोंदियासारख्या जिल्ह्यात या मुभेला मोल आहे. हा जिल्हा नागपूरच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात येतो आणि नागपूर सुमारे १३० किलोमीटरवर. आता बिशपांच्या खास परवानगीचा प्रश्न उरला नाही, समोर असतील ते फादर पुरेत. अडचण वेगळीच आहे. कॅथलिक घरे जिथे मोजकी असतात तिथे फादर सगळ्यांना ओळखतात, सिस्टर सगळ्यांच्या मुलांना ओळखतात. आवाजावरून कळेल, या धास्तीने बाई गप्प राहते.

गर्भपात म्हटले की आपल्याला मुलींच्या गर्भपातांमुळे गाजलेले बीड आठवते, सांगलीचे म्हैसाळ आठवते. २०११च्या जनगणनेत गोंदियात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या, त्यामुळे इकडे कोणी बोट दाखवत नाही. पण गर्भपात फक्त मुलगी नको म्हणून होत नाहीत. २०१५मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले, असा ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. गोळ्यांना अर्ज नाही, सही नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर जाऊन किट मागणारा पुष्कळदा पुरुषच असतो. रात्रभर रक्त जाते ते तिचे. सकाळी तो धानाच्या बांधावर किंवा राईस मिलवर कामाला निघून जातो. घरात विषय संपतो.

फादर म्हणतील, आम्ही काय करणार? पापनिवेदनात ऐकलेले बाहेर काढता येत नाही. ‘तुझ्या बायकोने असे सांगितले’ म्हणून नवऱ्याला बोलावता येत नाही. बरोबर आहे. ते गुपित मोडता कामा नये, बाईचा तेवढाच तर आधार आहे. पण म्हणूनच पुरुषांशी उघड बोलायला हवे, कोणाचे नाव न घेता, वेदीवरून. गर्भपातावरचे प्रवचन बहुतेक वेळा आयांना उद्देशून असते. बाकांवर बसलेल्या बायका आणखी खाली पाहतात आणि पुरुष निर्धास्त ऐकतात, कारण आपल्याबद्दल काही चालले आहे असे त्यांना वाटतच नाही. एकदा तरी प्रवचन उलट्या बाजूने व्हावे. सासवांचेही नाव त्यात यावे.

बाहेर याची सुरुवात झालेली आहे. अमेरिकेत १९८४मध्ये मिलवॉकी इथे ‘प्रोजेक्ट रेचल’ सुरू झाला, गर्भपातानंतर मनाने कोसळलेल्यांना धर्मगुरू आणि समुपदेशक यांनी मिळून सावरायचे म्हणून. नाव मुलांसाठी रडणाऱ्या बायबलमधल्या आईचे, राहेलचे. पण तशा शिबिरांना आता पुरुषही येतात, जोडपी येतात. आपल्याकडे त्यासाठी नवी संस्था काढावी लागणार नाही. विवाहपूर्व वर्गाला मुलगा आणि मुलगी दोघेही बसतात. तिथे कलम १३९७ शिकवताना १३२९ आणि १३२४ही शिकवा. मुलाला समोर बसवून सांगा की तू दबाव आणलास, पैसे दिलेस, गोळ्या आणल्यास, तर चर्चच्या दृष्टीने तू साक्षीदार नाहीस. आणि मुलीला सांगा की तुला धमकावून हे करायला लावले, तर तू बहिष्कृत नाहीस, फादरांकडे यायला भिऊ नकोस.

ज्यांचे लग्न होऊन वीस वर्षे झाली त्यांचे काय? लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, पापनिवेदनाची खास वेळ ठेवतात, त्यासाठी शक्य तर दुसऱ्या गावाहून फादर बोलवा, म्हणजे आवाजाची धास्ती राहणार नाही. त्यातली एक संध्याकाळ फक्त पुरुषांसाठी ठेवा आणि कशासाठी ठेवली आहे ते आदल्या रविवारी स्पष्ट शब्दांत जाहीर करा.